सहलीचे फोटो: फोनमध्ये की अल्बममध्ये?

सकाळी पुण्याहून निघून वाई-मेणवली करून रात्री घरी आलं, की फोनमध्ये शे-दोनशे फोटो सहज जमतात. गूगल फोटोजवर ठेवले तर तारखेनुसार झटकन सापडतात, परदेशातल्या भावंडांनाही दिसतात. फुकटची जागा मात्र १५ जीबी, त्यातच जीमेल आणि ड्राइव्हही आलं. नुसत्या व्हॉट्सॲपवरच्या फोटोंवर विसंबू नका. तिथे फोटो आक्रसतो; मोठी प्रत काढली की मेणवलीच्या घंटेवरचं १७०७ हे साल धूसर दिसतं. (वसईहून आलेली ही पोर्तुगीज घंटा, पोरं तिथून हलत नाहीत!)

अल्बमला खर्च आहे, निवडीची कटकट आहे. पण मला ती कटकटच आवडते. चार बाय सहाच्या पंचवीस-तीसच प्रती काढायच्या म्हटलं, की ढोल्या गणपतीच्या देवळाबाहेरचे एकसारखे डझनभर फोटो आपोआप गळतात आणि कृष्णेच्या घाटावर पाण्यात पाय सोडून कणीस खाणारी आजी उरते. प्रतीमागे मार्करने नावं, तारीख लिहा. शाई वाळल्याशिवाय थप्पी लावू नका. पाहुणे आले की अल्बमच बाहेर निघतो. मूळ फोटो तेवढे पुसू नका, कागदाला वाळवी लागते.