ब्लेंडरमध्ये देवराई उभारताना: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. देवराईतले थर, म्हणजे वरचे छत, मधली झाडे, खालची झुडपे आणि या सगळ्यांतून चढत गेलेल्या वेली, मुलांना एकाच चित्रात दाखवायचे माझ्या मनात बरीच वर्षे होते. फोटोत ते जमत नाही. आत अंधार असतो, मागे सरकायला जागा नसते आणि बुंधा व शेंडा एका चौकटीत मावत नाहीत. म्हणून ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रे करण्याचे सॉफ्टवेअर शिकायला घेतले. रोज रात्री दीड-दोन तास असे आठ महिने झाले.

माझ्याकडे ब्लेंडर ४.२ आहे, १६ जीबी रॅम आणि ८ जीबीचे ग्राफिक्स कार्ड. रेंडर, म्हणजे दृश्याचे अंतिम चित्र, त्यातल्या 'सायकल्स' या इंजिनात करते. सॉफ्टवेअरला एक रुपयाही लागत नाही. २००२ मध्ये लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून याचा कोड खुला करून घेतला, म्हणून आज आमच्या प्रयोगशाळेतल्या प्रत्येक संगणकावर ते निर्धास्तपणे टाकता येते. याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

झाडांसाठी मी 'सॅपलिंग ट्री जेन' हे ॲड-ऑन, म्हणजे ब्लेंडरला जोडायचे पूरक साधन, वापरते. ४.२ पासून ते एक्स्टेन्शन्समधून वेगळे उतरवून घ्यावे लागते. त्याच्या मुळाशी जेसन वेबर आणि जोसेफ पेन यांचा १९९५ चा शोधनिबंध आहे. खोडातून फांदी किती अंशात निघते, पुढची फांदी खोडाभोवती किती फिरून येते, टोकाकडे किती वळते, असे झाडाचे वर्णन त्यांनी आकड्यांत मांडले. वर्गात मी हेच फळ्यावर काढून शिकवते, त्यामुळे सॅपलिंगची सेटिंगची खिडकी उघडली तेव्हा ओळखीचे कुणी भेटल्यासारखे वाटले. पर्णविन्यासातला १३७.५ अंशांचा कोन तिथे जसाच्या तसा भरता येतो.

तयार प्रीसेट, म्हणजे आधीच आकडे भरलेली झाडे, मात्र बर्च, विलो, जपानी मेपल, डग्लस फर असे आहेत. आपल्या बागांत दिसणारे त्यातले एकच, बॉटलब्रश. आंबा, ऐन, किंजळ, सातवीण सगळे स्वतः बसवावे लागते. सातविणीच्या फांद्या एकाच पातळीवरून चहूबाजूंनी निघतात आणि झाड मजल्यामजल्यांनी वाढते. त्यासाठी 'ब्रांच रिंग्ज' नावाची सेटिंग आहे. ती सापडेपर्यंत माझी सातवीण नुसते हिरवे झाड होती. मजले पडले आणि ती सातवीण झाली. 'रँडम सीड' बदलला की त्याच मोजमापांचे दुसरे झाड मिळते, म्हणून एकदा बसवलेल्या आकड्यांवर अख्खी राई उभी राहते. एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात ठेवा: दुसरे कुठलेही काम केले की सॅपलिंगची सेटिंगची खिडकी निघून जाते आणि त्या झाडाचे आकडे परत बदलता येत नाहीत. झाड मनासारखे झाले की आधी प्रीसेट म्हणून जतन करा.

वड सॅपलिंगला जमत नाही. त्याला पारंब्या ठाऊक नाहीत. त्या मी कर्व्ह, म्हणजे वक्ररेषा, काढून, जाडी देऊन हाताने केल्या, आणि त्यासाठी आमच्या गावच्या वडाखाली तीन रविवार वही घेऊन बसले. लोंबणारी पारंबी ओळंब्यासारखी सरळ असते, टोकाशी बारीक धाग्यांचा झुबका असतो. जमिनीला टेकली की ती जाडावते आणि काही वर्षांत खोडासारखी दिसते. मी आधी सगळ्या एकाच जाडीच्या केल्या होत्या आणि झाडाला दोऱ्या बांधल्यासारखे दिसत होते. वेगवेगळ्या वयाच्या पारंब्या केल्यावर झाडाला वय आले.

अधीर होऊन एकदा मी पैसे देऊन 'भारतीय झाडे' असा एक संच विकत घेतला. विक्रेत्याचे नाव इथे देत नाही. त्यातल्या आंब्याला पाने फांदीभर सारख्या अंतरावर लावलेली होती. आंब्याची पाने फांदीच्या टोकाशी झुबक्याने येतात, नवी पालवी तांबूस आणि खाली मान घातलेली असते. हे चुकले की बाकी कितीही बारकावे घाला, कोकणातला माणूस क्षणात ओळखतो. आता मी फांद्या सॅपलिंगमध्ये करते आणि पानांचे झुबके जॉमेट्री नोड्सने, म्हणजे नियम जोडून आकार पसरवण्याच्या ब्लेंडरमधल्या सोयीने, टोकांवर बसवते. चाळीस हजार पाने असली तरी ती एकाच पानाची इन्स्टन्स, म्हणजे नुसत्या संदर्भाने दाखवलेल्या प्रती, असल्यामुळे मेमरीत पान एकदाच साठते.

पानाच्या मटेरियलवर, म्हणजे त्याचा पृष्ठभाग उजेडात कसा दिसेल यावर, मी अख्खा एक महिना घालवला आणि तो वाया गेला असे वाटत नाही. सुरुवातीला 'प्रिन्सिपल्ड' या ब्लेंडरच्या नेहमीच्या मटेरियलमधले ट्रान्समिशन वाढवून पाहिले. पान काचेचे झाले, कारण ती सेटिंग काच-पाण्यासाठी आहे. हवा असतो पातळ वस्तूतून उजेड पसरून जाऊ देणारा 'ट्रान्सल्यूसंट' नोड, साधारण ३० ते ४० टक्के मिसळलेला. पानावरून परतणारा उजेड गर्द हिरवा, तर पानातून गाळून येणारा पोपटी, पिवळट असतो. क्लोरोफिल लाल आणि निळा प्रकाश शोषते आणि हिरव्यातला त्यामानाने जास्त पलीकडे जाऊ देते. म्हणून ट्रान्सल्यूसंटला वेगळा, पिवळसर रंग द्यायचा. मागची बाजू ओळखणारे 'बॅकफेसिंग' वापरून पानाची खालची बाजू फिकी आणि कमी चकचकीत करायची. एवढे केल्यावर सूर्य झाडामागे ठेवून रेंडर लावला आणि आंबा आतून उजळला. त्या रात्री मी झोपायला दोन वाजवले.

पान चौकोनी पत्र्यावर चित्र चिकटवून करू नका, त्याचा आकार मेशमध्येच, म्हणजे पानाच्या त्रिमितीय जाळीतच, कापून घ्या. पारदर्शक कडा असलेले पत्रे एकावर एक आले की 'ट्रान्स्परंट बाउन्सेस'ची, म्हणजे किरण किती पारदर्शक थर पार करेल याची, मूळ मर्यादा ८ असल्याने दाट पालवीत काळे डाग पडतात. मर्यादा वाढवता येते, पण रेंडर रेंगाळतो.

आता ऊन. आकाशासाठी 'स्काय टेक्श्चर'मधला निशिता पर्याय घेते. तोमोयुकी निशिता या जपानी संशोधकाच्या १९९३ च्या कामावर तो बेतलेला आहे, आणि हवा, धूळ, ओझोन यांचे प्रमाण त्यात वेगवेगळे देता येते. कोकणातल्या एप्रिलच्या दुपारी मी धूळ वाढवते, पाऊस पडून गेल्यावरच्या सकाळी जवळजवळ शून्यावर आणते. बहुतेक ट्यूटोरिअलमध्ये सूर्य १५ अंशांवर ठेवायला सांगतात. ॲमस्टरडॅमला २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य १४ अंशांवर असतो, तिथे ते ठीक आहे. रत्नागिरीत त्याच दिवशी, त्याच वेळी तो जवळपास ५० अंशांवर असतो, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात व ऑगस्टच्या सुरुवातीला थेट डोक्यावर येतो. १५ अंशांवरचा सूर्य म्हणजे आपली दिवेलागणीच्या आधीची वेळ. आपली दुपार हवी असेल तर 'सन पोझिशन' ॲड-ऑनमध्ये अक्षांश, रेखांश आणि तारीख भरा.

मला सर्वांत जास्त आनंद कवडशांनी दिला. झाडाखाली पडणारे कवडसे गोल असतात, कारण पानांमधली प्रत्येक लहान फट सूईछिद्रासारखे काम करते आणि जमिनीवर सूर्याची प्रतिमा पाडते. खंडग्रास ग्रहणात हेच कवडसे कोरीसारखे दिसतात. सूर्याची आकाशातली रुंदी साधारण अर्धा अंश आहे, आणि ब्लेंडरमधल्या सन लाइटचा मूळ कोन ०.५२६ अंश आहे. एका व्हिडिओत तो शून्य करायला सांगितले होते, सावल्या धारदार येतात म्हणून. मी केला, आणि जमिनीवर पानांमधल्या फटींचे वेडेवाकडे तुकडे पडले. कोन पूर्ववत केला तेव्हा कवडसे गोल झाले. हिशेबाने १० मीटर उंचीच्या फटीतून पडणारा कवडसा सुमारे ९ सेंटिमीटरचा यायला हवा. रेंडरवर मोजला, तेवढाच आला. अट एकच: झाडाची उंची आणि फटी यांचे प्रमाण खऱ्यासारखे हवे. अख्खे झाड त्याच प्रमाणात एक मीटरचे केले तरी कवडसे गोलच येतात, फक्त तितकेच लहान होतात.

काही ठिकाणी मन मारावे लागते. डीनॉइझर, म्हणजे चित्रातले ठिपके पुसणारी सोय, लावला की बारीक पाने चिखलासारखी एकमेकांत मिसळतात, विशेषतः सावलीत. मी सॅम्पल्स, म्हणजे प्रत्येक बिंदूसाठी सोडायचे किरण, ५१२ च्या खाली नेत नाही आणि मोठ्या चित्राला पाऊण तास लागतो. आषाढातले धुके 'व्हॉल्यूम स्कॅटर'ने सुंदर येते, पण माझ्या यंत्राला झेपत नाही. मग 'मिस्ट पास', म्हणजे अंतरानुसार फिके होत जाणारे वेगळे चित्र, घेऊन नंतर मिसळते. त्यात कवडशांच्या तिरिपा मिळत नाहीत, आणि ती उणीव मला टोचते. रंगांसाठी ४.० पासून आलेली 'एजीएक्स' ही रंग दाखवण्याची पद्धत चांगली आहे, उन्हातली पाने भडक होत नाहीत. थोडा कॉन्ट्रास्ट मात्र वाढवावा लागतो.

केवळ एखाद-दुसरे सुंदर दृश्य हवे असणाऱ्याला एवढा वेळ घालवा असे मी म्हणणार नाही. पण ज्यांना आपल्या मातीतली झाडे दाखवायची आहेत, त्यांनी जरूर घ्यावे.

गेल्या महिन्यात चित्र वर्गात लावले. मुलांनी ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल ओळखली, सुरमाड ओळखला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, खाली पाचोळा कुठंय?" खरेच, मी जमीन साफ ठेवली होती. देवराईत पाचोळ्याला कुणी हात लावत नाही, तिथल्या मातीचा वरचा सुपीक थर त्यातूनच होतो. त्या रात्रीपासून वाळकी पाने करते आहे: कडा वळलेली, अर्धी कुजलेली, शिरांची जाळी उरलेली. आजवर सहा प्रकार झाले आहेत.