कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची शोधसेवा : नाईक यशवंत घाडगे यांच्या नोंदीवरून केलेली पारख

दोन महायुद्धांत मारल्या गेलेल्या सैनिकाचा ठावठिकाणा शोधू पाहणाऱ्या मराठी कुटुंबांना आज उपलब्ध असलेली सर्वांत मोठी आणि पूर्णपणे मोफत सोय म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचे संकेतस्थळ. १९१७ साली राजसनदेने स्थापन झालेली ही संस्था ब्रिटन आणि राष्ट्रकुलाच्या (त्यात भारतही आला) सैन्यांतल्या सुमारे १७ लाख मृतांची थडगी, स्मारके आणि नोंदी सांभाळते, आणि तिचे काम १५०हून अधिक देशांत पसरलेले आहे. एवढ्या पसाऱ्याबद्दल मोघम शेरे मारण्यापेक्षा एका सैनिकाची नोंद समोर ठेवून सेवेची पारख करावी, असे मला वाटले. त्यासाठी मी नाईक यशवंत घाडगे यांची निवड केली. त्यांच्याविषयी इतरत्रही बरीच माहिती मिळते, त्यामुळे ही सेवा नेमके काय देते आणि काय देत नाही, हे तपासता येते.

घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात झाला. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते नाईक या हुद्द्यावर होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांची कंपनी शत्रूच्या भक्कम ठाण्यावर चालून गेली, तेव्हा त्यांच्या सेक्शनवर, म्हणजे कंपनीतल्या छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि घाडगे सोडून सेक्शनमधला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. सोबतीला कोणी उरलेले नाही हे माहीत असूनही ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी ती बंद पाडली आणि तिच्या तुकडीतल्या एकाला टॉमीगनने टिपले. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, म्हणून बंदुकीची नळी हातात धरून उरलेल्या दोघांना त्यांनी दस्त्याच्या घावांनी मारले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांचा मृत्यू झाला. वय होते २२. मरणोत्तर मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक, त्यांच्या पत्नीने स्वीकारला.

कमिशनच्या नोंदपानावर नाव, हुद्दा, रेजिमेंट, मृत्यूची तारीख आणि स्मारक एवढा तपशील ठरलेल्या साच्यात असतो. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्यांच्या नोंदींत पदकाचे प्रशस्तिपत्रही दिलेले असते. त्याची भाषा कोरडी, कारकुनी इंग्रजी आहे, आणि ती तशी आहे हे मला बरेच वाटते, कारण शौर्यकथांना मागाहून चढणारा साज तिथे नाही. घाडगे यांचे थडगे ज्ञात नसल्यामुळे त्यांचे नाव कॅसिनो येथील स्मारकावर आहे. इटलीच्या मोहिमेत मरण पावलेल्या आणि ज्यांची थडगी ठाऊक नाहीत अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे तिथे संगमरवरी पॅनेलांवर कोरलेली आहेत. मात्र कॅसिनो आणि टायबरचे वरचे खोरे यांच्यात सरळ रेषेतही दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर आहे. संकेतस्थळावरचा नकाशा स्मारक दाखवतो, मृत्यूची जागा दाखवत नाही; नातेवाइकांनी प्रवासाचा बेत आखण्यापूर्वी हा फरक ध्यानात घेतलेला बरा.

इथपर्यंतची माहिती इतर ठिकाणीही सापडते. या सेवेचे खरे मोल मला पुढच्या पायरीवर जाणवले. प्रशस्तिपत्रात ‘सेक्शनमधले सगळे’ असे म्हटले आहे, पण ते सगळे कोण होते हे त्यात नाही, आणि घाडगे यांच्यावरच्या लेखांत व भाषणांतही सहसा नसते. शोधाच्या चौकटीत नाव रिकामे सोडून दुसरे महायुद्ध, रेजिमेंट आणि १० जुलै १९४४ ही तारीख एवढेच भरले, की त्या दिवशी मरण पावलेल्या त्या रेजिमेंटच्या सैनिकांची यादी मागता येते. जखमी मागाहून दगावले असण्याची शक्यता धरून तारखेची कक्षा आठवडाभर पुढे न्यावी. त्यांतले कोण घाडगे यांच्या हाताखाली होते हे नोंदींवरून ठरवता येत नाही, कारण नोंद फार तर पलटणीपर्यंत पोचते. तरीही ज्यांना पुतळा किंवा प्रशस्तिपत्र लाभले नाही, त्यांच्यापर्यंत जाण्याची एवढी सोपी वाट माझ्या पाहण्यात दुसरी नाही. हुद्दा, जात किंवा धर्म न पाहता प्रत्येकाची नोंद सारख्याच साच्यात ठेवण्याचे तत्त्व इथे पडद्यावर तरी पाळलेले दिसते.

आता अडचणींकडे येतो. संकेतस्थळाचा कारभार इंग्रजीत आहे आणि नावे पलटणीच्या कारकुनाच्या कानाला जशी लागली तशी उतरलेली आहेत, त्यामुळे एकच आडनाव तीन-चार स्पेलिंगांनी शोधण्याची तयारी ठेवावी लागते. अनेक भारतीय सैनिकांचे अख्खे नाव आडनावाच्या रकान्यात घातलेले आहे. साहजिकच नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत भरणाऱ्या माणसाच्या हाती काहीच लागत नाही आणि तो ‘आमचा माणूस नोंदलेलाच नाही’ असे समजून उठतो. नावाऐवजी सेवा क्रमांक, तारीख किंवा रेजिमेंट यांवरून शोधणे अधिक भरवशाचे आहे. मराठा हा शब्द नोंदींत जुन्या लष्करी वळणाने, ‘Mahratta’ असा लिहिलेला आहे. पहिल्या महायुद्धासाठी पाचवी मराठा शोधून उपयोग नाही, कारण तेव्हा १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा क्रमांकांच्या पलटणी होत्या आणि त्यांची एकत्र रेजिमेंट १९२२ साली झाली.

‘अतिरिक्त माहिती’ नावाच्या रकान्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, पण आपल्यासाठी तोच सर्वांत उपयोगाचा आहे. पित्याचे किंवा पत्नीचे नाव, गाव आणि जिल्हा असा तपशील ज्या नोंदींत आहे, त्या या रकान्यावरून गावाच्या नावानेही शोधता येतात. अट एवढीच की जिल्हे त्या काळचे धरायचे: रायगडसाठी कुलाबा, सिंधुदुर्गासाठी रत्नागिरी. कोकणात आणि साताऱ्याकडे कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक दगडी पाटी बसवलेली दिसते. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९च्या महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतके कामी आले, असे दोन आकडे तिच्यावर असतात, नाव मात्र एकही नसते. त्या आकड्यामागची नावे मिळवण्यासाठी ही सेवा वापरावी. शोधाची यादी उतरवून घेण्याची सोय आहे आणि सैनिकाच्या स्मरणार्थ प्रमाणपत्रही छापून घेता येते. एखाद्या ग्रामपंचायतीने किंवा शाळेने मनावर घेतले, तर गावाची यादी घरबसल्या तयार होऊ शकेल.

यादी अपुरी निघाली, तर मात्र दोष आपल्या शोधण्याचाच असेल असे नाही. कमिशनने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये जाहीर केलेल्या अहवालात असे मान्य केले, की पहिल्या महायुद्धानंतर ४५ ते ५४ हजार मृतांचे, प्रामुख्याने भारतीय आणि आफ्रिकी लोकांचे, स्मरण गोऱ्या सैनिकांच्या बरोबरीने झाले नाही, आणि आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांची नावे नोंदवली गेली नाहीत किंवा त्यांचे स्मरणच झाले नाही. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे आणि शिपायांची केवळ संख्या, हा प्रकार त्यातलाच. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, आपल्या मराठा पलटणी किती लढल्या हे जाणणाऱ्याला यातला अन्याय वेगळा सांगायला नको. चूक उघडपणे मान्य केली याचे श्रेय संस्थेला देतो, पण शंभर वर्षांनी केली हेही विसरत नाही.

सेवेची आणखी एक मर्यादा म्हणजे ३१ डिसेंबर १९४७ नंतरचे मृत्यू तिच्या कक्षेत येत नाहीत. १९६५, १९७१ किंवा कारगिलच्या शहिदांसाठी दिल्लीचे राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, इथे वेळ घालवू नये.

माणूस म्हणून घाडगे कसे होते, हे या पानावर मिळणार नाही आणि ती अपेक्षाही रास्त नाही. त्यांची आठवण माणगावातल्या पुतळ्याने राखली आहे. इटलीतल्या मोंतोने या गावाने जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातले स्मारक उभारले, आणि ‘आपण सारे एकाच सूर्याखाली’ अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर घातले. परक्या गावाने, तेही जिथे लढाई झाली त्याच मुलखात, रायगडच्या नाइकाचे नाव असे दर्शनी लावावे, याचे मला अप्रूप आहे. मृतांच्या कहाण्या लोकांनीच लिहून जोडाव्यात यासाठी कमिशनने २०२३ साली संकेतस्थळावर वेगळा विभाग उघडला, तो योग्यच झाला; आता त्यात मराठी घरांतल्या आठवणी पोचायला हव्यात.

माझ्या मते सेवेला पाचपैकी चार तारे द्यावेत. एक तारा नावांच्या रकान्यांचा घोळ आणि केवळ इंग्रजी कारभार यांसाठी कापला आहे. नोंदीतली चूक दुरुस्त करायची किंवा राहिलेले नाव घालायचे झाल्यास कमिशन पुरावा मागते, आणि तो बहुधा घरातच असतो: पेन्शनचे पुस्तक, मृत्यू कळवणारे सरकारी पत्र किंवा पदक. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असतात. आजोबा-पणजोबांचे चांदीचे पदक सोनाराकडे मोडीत घालण्याचा विचार कोणी करत असेल, तर आधी भिंग घेऊन ती कड वाचावी, उतरवून घ्यावी आणि तिचा फोटो काढावा. शोधाच्या चौकटीत सर्वांत आधी तोच क्रमांक घालायचा आहे.