इचिनेशिया की गुळवेल?

धाकट्या वहिनी शाळेत शिकवतात, त्यामुळे सर्दी सारखीच. त्यांनी विचारलं, "इचिनेशिया या परदेशी वनस्पतीच्या गोळ्या घेऊ, की आपल्या कडुलिंबावरची गुळवेल?"

खर्चात गुळवेल फुकट. खटपट मात्र आहे: बोटाएवढी कांडी तोडायची, वरची पापुद्र्यासारखी साल नखाने काढायची, ठेचून उकळायची. कडूजहर! गोळी पाण्याबरोबर गिळली की झालं.

गुण? इचिनेशिया उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींचं जुनं औषध. उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2014च्या आढाव्यात 24 चाचण्या तपासल्या, तरी सर्दीवर ठोस फायदा सिद्ध झाला नाही. गुळवेलीचा पुरावा याहून तोकडा.

खरी काळजी धोक्याची. इचिनेशिया गाजरगवताच्याच कुळातली, आणि सोलापुरात रिकाम्या प्लॉटवर ते माजलेलं असतं. त्याने अंगाला खाज सुटणाऱ्यांनी या गोळ्या टाळाव्यात. गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं 2021मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं. म्हणून रोजचा काढा नकोच.

अ‍ॅलर्जी नसेल आणि सर्दीपुरते चार दिवस काही घ्यायचंच असेल, तर इचिनेशिया. यकृत धडधाकट असेल आणि कधीमधी घोटभर काढा पुरत असेल, तर गुळवेल. संधिवातासारखा, प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा आजार असलेल्या थोरल्या वहिनींनी दोन्ही टाळावं.