वॉटर वेल्डर मशीन: कामाला एक नंबर, पण ‘पाण्यावर चालतं’ हे सोडा

हुपरीला चांदीच्या पैंजणाचं काम करणारे आणि कोल्हापूरच्या गुजरीतले (सराफ बाजारातले) बरेच जण या झाळकामाच्या मशीनबद्दल विचारत होते म्हणून एकदाच लिहून टाकतो. आम्ही एलपीजीची टाकी बाजूला ठेवून हे मशीन घेतलं, साधारण दीड किलोवॅटचं. आत कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, खताचं पोटॅश न्हवं) घातलेलं डिस्टिल्ड वॉटर, वीज दिली की पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन तयार होतो आणि तोच नोझलमधनं जळतो. गॅस साठवायची भानगड नाही, लागेल तसा बनतो.

ज्योत म्हणजे सुईच बघा. कडी झाळताना शेजारच्या घुंगराला धक्का लागत नाही, काजळी नाही, पॉलिशचं काम कमी. पण चांदी 962 डिग्रीला वितळते आणि ही ज्योत अडीच हजाराच्या वर, त्यामुळे नवीन पोराच्या हातात दिली की कडीचा थेंब झालाच म्हणून समजा. नुसती ज्योत उजेडात धड दिसत पण नाही, म्हणून शेजारच्या बाटलीत मिथेनॉल घालायचं, गॅस त्यातनं बुडबुडत आला की ज्योत दिसते आणि जरा मऊ होते.

आता विकणाऱ्याची बडबड. म्हणे पाण्यावर चालतं, वर सोलर टाका, इंधन फुकट! अहो पाणी हे इंधन न्हवंच, जळून परत पाणीच होतंय, जळते ती तुमची वीज. किलोभर हायड्रोजनला 9 लिटर पाणी आणि मोठ्या प्लांटमध्ये पण 50-55 युनिट लागतात, आपला डबा त्याहून जास्तच खाणार. पत्र्यावरचं सोलर उन्हाळ्यात दुपारी भारी साथ देतं, आषाढात महावितरणच आहे.

गंमत म्हणजे ते मिथेनॉल, ते बहुतेक नैसर्गिक गॅस नाहीतर कोळशापासनं बनतं. पण विजेपासनं पण बनवता येतं, आइसलँडला 2012 मध्ये जमिनीतल्या वाफेच्या विजेवर हायड्रोजन काढून त्यात कार्बन डायऑक्साइड मिसळून मिथेनॉल करणारा प्लांट सुरू झाला, पुढं त्याची क्षमता वर्षाला 4,000 टन झाली. आणि आपल्याकडं साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत जेवढं अल्कोहोल निघतं जवळजवळ तेवढ्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड पण निघतो, तो पण बऱ्यापैकी शुद्ध! स्वस्त वीज मिळाली तर कोल्हापूर जिल्ह्यात हा धंदा नाद खुळा होईल, पण तोवर बाटलीतलं मिथेनॉल विकतच आणायचं.

सर्व्हिस मात्र बोंब. उलटी ज्योत आत शिरू नये म्हणून जो व्हॉल्व्ह लागतो त्याचे वेगळे पैसे लावले, खरं तर त्याच्याशिवाय मशीन विकूच नये. मशीनला चार स्टार, दुकानाला दोन. घेणार असाल तर तो व्हॉल्व्ह किमतीतच लिहून घ्या, नळाचं पाणी घालू नका, आणि पोटॅश भरताना हातमोजे घाला, हाताला आधी साबणासारखं बुळबुळीत लागतं आणि मग आग होते.