घरात एमडीआर टीबी निघाला : बाकीच्यांनी सहा महिने गोळी घ्यावी की दोन वर्षं लक्ष ठेवावं?

घरातल्या एकाला एमडीआर टीबी, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा क्षयरोग, निघाला की इतरांपुढे दोन वाटा असतात: आपल्याला टीबी होऊ नये म्हणून लिव्होफ्लॉक्सॅसिन ही अँटिबायोटिक गोळी सहा महिने रोज घेणं, किंवा औषध न घेता दोन वर्षं तपासण्या करत राहणं. साध्या टीबीच्या संपर्कात देतात ती आयसोनियाझिड इथे धरू नका. एमडीआरचे जंतू तिला दादच देत नाहीत.

निर्णयाआधी रुग्णाचा सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट (त्याच्या जंतूंवर कोणती औषधं चालतात ते सांगणारा) डॉक्टरांसमोर ठेवा. जंतू लिव्होफ्लॉक्सॅसिनलाही जुमानत नसतील, तर ही गोळी घेण्यात अर्थ नाही. शिवाय तुम्हाला स्वतःला टीबी झालेला नाही, याची खात्री हवी: खोकला, ताप, वजन, छातीचा एक्स-रे. आजार असताना हे एकटंच औषध घेतलं तर जंतू त्यालाही निर्ढावतात.

गोळीच्या बाजूचा पुरावा मुलांबाबत मला जास्त पटतो. दक्षिण आफ्रिकेतल्या चाचणीत औषध घेणाऱ्या 453 मुलांपैकी 5 जणांना टीबी झाला, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या 469 पैकी 12 जणांना. व्हिएतनाममध्ये, मुख्यतः मोठ्यांवर झालेल्या चाचणीत हाच कल दिसला. दोन्ही चाचण्या सुट्या पाहिल्या तर पुरावा तोकडा पडतो, एकत्र धरल्यावर मात्र धोका सुमारे 60 टक्क्यांनी कमी झालेला दिसतो. त्यावरूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये या उपचाराची शिफारस केली.

मोठ्यांना सांधे, स्नायू, टाचेमागची शीर दुखण्याचा त्रास जास्त होतो. मधुमेह असेल तर साखर खालीवर होऊ शकते. हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल किंवा दिवस गेले असतील, तर ते आधीच सांगा. अँटासिड, लोह, झिंक यांच्यात आणि या गोळीत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. एकत्र घेतल्यास औषध अंगी लागत नाही.

नुसतं लक्ष ठेवण्यात औषधाचा त्रास नाही, पण तब्येत बरी असली की तपासण्या टळतात. पाच वर्षांखालच्या मुलात तर आजार झपाट्याने वाढतो आणि थुंकीचा नमुना मिळणंही कठीण. म्हणून लहान मूल किंवा एचआयव्ही असलेली व्यक्ती असेल, तर मी गोळीच्या बाजूने आहे. धडधाकट प्रौढाने त्रास आणि फायदा डॉक्टरांसोबत तोलून ठरवावं.

गोळी घेतली तरी दोन वर्षांच्या तपासण्या सुटत नाहीत. त्यांच्या तारखा पहिल्याच भेटीत लिहून घ्या.