हायड्रोमार्कर ते गांडूळ बेड: शिबिरातलं कोणतं साधन गावात गेल्यावरही चालतं?

सेंद्रिय शेती आणि जलसंधारणाच्या निवासी शिबिरात तीन-चार दिवसांत बरीच साधनं हाताखालून जातात. तिथे ती सगळी चालतात, कारण शेजारी प्रशिक्षक उभा असतो. गावात परतल्यावर नळीत बुडबुडा अडकला किंवा ड्रमला कुजका वास सुटला, तर विचारायला कोणी नसतं. म्हणून इथे प्रत्येक साधनाला दोनच प्रश्न लावले आहेत: शिकवणारा नसताना ते बरोबर उत्तर देतं का, आणि चुकलंच तर चुकल्याचं वेळीच कळतं का. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

सुरुवात हायड्रोमार्करपासून. पारदर्शक नळी आणि तिच्या दोन टोकांना बांधलेल्या, सेंटिमीटरच्या खुणा असलेल्या दोन काठ्या, एवढाच हा सरंजाम. गवंड्याची लेव्हल-नळी ती हीच. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेची सुरुवात २०१६ साली वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत झाली आणि पुढच्या काही वर्षांत हायड्रोमार्कर हे नाव गावोगाव पोचलं. आज पाणलोटाच्या बहुतेक प्रशिक्षणांत समतल रेषा (उतारावर एकाच उंचीवर राहणारी, जिच्यावर पाणी अडवायला चर खोदतात) आखायला हेच साधन देतात, आणि ते योग्यच आहे.

तयार संच घ्या किंवा घरी बनवा, नळी मात्र नीट बघून घ्यावी. आतला व्यास ८ ते १० मिमी आणि लांबी १२ ते १५ मीटर असावी. ६ मिमीपेक्षा बारीक नळीत बुडबुडे चिकटून बसतात आणि पाणी स्थिरावायला फार वेळ लागतो. १० मिमी व्यासाच्या १५ मीटर नळीत सुमारे १.२ लिटर पाणी मावतं. ते तांब्याने ओतून भरू नये, हमखास हवा शिरते. बादली उंचावर ठेवून नळीचं एक टोक पाण्यात बुडवावं, दुसऱ्या टोकाने ओढून धार सुरू करावी आणि सगळे बुडबुडे वाहून जाईपर्यंत ती चालू द्यावी. दोन्ही काठ्या शेजारी-शेजारी उभ्या केल्यावर पाणी साधारण निम्म्या उंचीवर आणि दोन्हीकडे एकाच आकड्यावर आलं पाहिजे. न आल्यास एकतर नळीत हवा आहे, नाहीतर एका काठीवरची पट्टी सरकलेली आहे.

काम सोपं आहे. पहिली काठी जागेवर धरायची. दुसरी १० मीटरवर नेऊन उताराला वर-खाली सरकवायची. दोन्ही आकडे जुळले की तिथे फक्की टाकायची. ज्या काठीवर आकडा मोठा, ती जागा खोल. नवख्यांचा घोळ नेमका इथेच होतो, कारण मनाला उलटं वाटतं. पाण्याची पातळी दोन्हीकडे एकच असते, काठीचा पाय खाली गेलेला असतो, म्हणून पायापासून मोजलेला आकडा वाढतो. हे पाच मिनिटं थांबून समजावणारा प्रशिक्षक मिळाला तर पुढचं निम्मं काम झालं.

बऱ्याच शिबिरांत मात्र काठीवर एक लाल खूण करून देतात आणि ‘पाणी खुणेवर आलं की लेव्हल’ असं शिकवतात. ही पद्धत धोक्याची आहे. चालताना टोकातून घोटभर पाणी सांडलं की दोन्हीकडची पातळी उतरते, पाणी खुणेवर येत नाही आणि माणूस काठी उताराच्या खाली-खाली नेत राहतो. खुणेकडे न बघता दोन आकडे एकमेकांशी ताडले, तर सांडलेल्या पाण्याने काहीही बिघडत नाही.

या साधनाची चूक ओळखण्याची युक्ती त्याच्यातच दडलेली आहे. दोन्ही आकड्यांची बेरीज कायम राहिली पाहिजे. एकीकडे पाणी ७ सेंमी चढलं तर दुसरीकडे तेवढंच उतरतं. बेरीज कमी झाली तर पाणी सांडलंय, फिकीर नाही. बेरीज वाढली तर नळीत हवा शिरली आहे किंवा नळीवर कोणाचा तरी पाय आहे, तिथे थांबायचं. आडव्या पडलेल्या भागातला बुडबुडा निरुपद्रवी असतो. काठीला बांधलेल्या उभ्या भागात ४ सेंमीचा बुडबुडा असेल तर मापात थेट ४ सेंमीची चूक येते. हा बेरजेचा पडताळा शिकवलाच जात नाही, आणि आमच्या मते हायड्रोमार्करच्या प्रशिक्षणातली सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

बाकीच्या चुका नेहमीच्याच. पाणी सांडू नये म्हणून चालताना टोकावर अंगठा ठेवतात आणि माप घेताना काढायचा विसरतात. दोन्ही टोकं उघडी नसतील तर पाणी हलतच नाही. नांगरट केलेल्या जमिनीत काठीचा पाय रुततो, म्हणून खाली चपटा दगड ठेवावा. एकच काठी सतत पुढे नेली तर तिच्या झिजलेल्या टोकाची चूक दर वेळी साठत जाते: १० मीटरला १ सेंमी म्हटलं तरी १०० मीटरला १० सेंमी. मागची काठी उचलून पुढे न्यायची, मग तिच्या मागची, असं आलटून-पालटून चाललं की चूक आपोआप कटते.

१० सेंमीने काय होतं, असं वाटेल. ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल आणि १०० मीटर लांब समतल चरात १८ घनमीटर पाणी मावायला हवं. एक टोक १० सेंमीने खाली गेलं असेल तर १५ घनमीटरच मावेल. हा तोटा चालून जाईल. खरं नुकसान पुढे आहे: चर भरला की सगळं जादा पाणी त्या एकाच खालच्या टोकावरून उलटतं आणि भराव कापून घळ पाडतं. म्हणूनच दर १०-१५ मीटरवर फूटभर जमीन न खोदता आडवी राखतात, आणि चर व भराव यांच्यामध्येही किमान फूटभर मोकळी पट्टी सोडतात, म्हणजे माती पुन्हा चरात ढासळत नाही. खोदून झाल्यावर चराच्या काठाची लेव्हल हायड्रोमार्करने पुन्हा घ्यावी. शिबिरात हे दाखवत नाहीत, कारण तोवर जेवणाची वेळ झालेली असते.

एक मर्यादा सांगायला हवी. तीव्र उतारावर नळी अपुरी पडते. काठी दीड मीटरची असेल तर दोन जागांतला फरक दीड मीटरच्या आतच मोजता येतो, म्हणजे १० मीटर अंतरावर १५ टक्के उतार ही शेवटची हद्द. त्यापुढे ५-५ मीटरचे टप्पे घ्यावेत. आणि या साधनाला तीन माणसं लागतात, दोन काठ्यांना आणि एक फक्कीला.

एकट्या माणसासाठी ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराची चौकट. दोन मीटरचे दोन बांबू, एक आडवी पट्टी आणि शेंड्यावरून सोडलेला ओळंबा. चूक पकडण्याच्या बाबतीत ही हायड्रोमार्करच्याही पुढे आहे. दोन पाय दोन खुंट्यांवर टेकवून दोरी जिथे पट्टीला लागते तिथे खूण करायची, पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करायची, आणि दोन्ही खुणांचा मध्य तो खरा मध्य. वाकडातिकडा बांबू असला तरी बिघडत नाही. रेषा आखताना ती एका पायावर गर्रकन फिरवून पुढे टाकत गेलं की उरलीसुरली चूकही कटत जाते.

दुबळेपणा आहे तो तिच्या पावलात. पाऊल दोनच मीटरचं, त्यामुळे १०० मीटरला पन्नास वेळा मांडावी लागते. पाय ३ सेंमीच्या ढेकळावर पडला तर दोन मीटरमागे दीड टक्क्याची चूक होते. तेच ढेकूळ हायड्रोमार्करच्या १० मीटरमध्ये ०.३ टक्केच ठरतं. मुरमाड, गवताळ माळावर ए-फ्रेम उत्तम. नांगरलेल्या रानात नको. वारा असेल तर ओळंब्याला जड दगड बांधा, लहान दगड झुलतच राहतो.

मोबाईलवरच्या लेव्हलच्या ॲपबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. अर्ध्या अंशाची चूक झाली तरी १० मीटरला जवळजवळ ९ सेंमीचा फरक पडतो, आणि फोनच्या जीपीएसने दाखवलेली उंची तर कित्येक मीटरने चुकू शकते. शिवाय आकडा दशांशात दिसतो, त्यामुळे चुकल्याची शंकाही येत नाही. उतार ढोबळ किती, एवढंच त्याला विचारावं. चर आखायला वापरू नये.

पाणी मुरण्याचा वेग मोजायची लोखंडी रिंग शिबिरात सर्वांना आवडते, कारण निकाल डोळ्यांसमोर दिसतो. १५ सेंमी व्यासाची रिंग जमिनीत ठोकायची, आत प्लास्टिक अंथरून ४४० मिली पाणी ओतायचं आणि प्लास्टिक अलगद ओढून घ्यायचं. २५ मिमी पाऊस एकदम पडला असं समजायचं आणि मुरायला लागलेला वेळ मोजायचा. आच्छादन केलेल्या आणि उघड्या रानातला फरक यातून छान दाखवता येतो. पण अनेक ठिकाणी पहिल्याच ओतण्याचा वेळ लिहून घेतात. कोरडी माती पहिलं पाणी घटाघटा पिते. खरा वेग दुसऱ्यांदा ओतल्यावर कळतो. भेगाळलेल्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात हे माप निरर्थक, पाणी भेगेतून निघून जातं आणि जमीन फार मुरवणारी आहे असा गैरसमज होतो. तिथे वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना मोजावं.

रिंगेइतकंच उपयोगी पण दुर्लक्षित साधन म्हणजे पर्जन्यमापक. उभ्या भिंतींचा सरळ डबा आणि पट्टी पुरते. १ मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर, हेक्टरला १० हजार लिटर. ५० मिमीची सर पडली आणि त्यातलं ३० टक्के पाणी वाहून जाणारं धरलं, तर हेक्टरमागे १५० घनमीटर अडवायचं आहे. वरच्या मापाचा चर मीटरला ०.१८ घनमीटर पाणी धरतो, म्हणजे सुमारे ८३० मीटर चर हवा, दोन चरांत १२ मीटर अंतर. एवढा हिशेब ज्या शिबिरात फळ्यावर मांडतात, तिथे नाव नोंदवावं.

आता सेंद्रियची बाजू. २०० लिटरचा जीवामृताचा ड्रम सगळीकडे असतो. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांनी रूढ केलेलं प्रमाण असं: २०० लिटर पाणी, १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, दिवसातून दोनदा ढवळायचं, दोन-तीन दिवसांनी वापरायला घ्यायचं आणि आठवड्याच्या आत संपवायचं. एका ड्रमात एक एकर. झाकण घट्ट लावू नये, वायू साठतो. गोणपाट बरं. चूक नाकाला कळते: आंबूस वास ठीक, कुजका सुटला तर ढवळणं चुकलं.

ड्रम विकत घेताना तोटी कुठे आहे ते बघा. तळाशी असेल तर गाळच बाहेर येतो. तळापासून १५ सेंमी वर हवी. ठिबकमधून सोडणार असाल तर एकदा फडक्याने गाळून भागत नाही, ड्रिपर हळूहळू बुजतात. रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी दोनदा गाळा, फिल्टरमधून सोडा आणि नंतर पंधरा-वीस मिनिटं साधं पाणी चालवून लॅटरलची (पिकाच्या ओळीतल्या बारीक नळ्यांची) टोकं उघडून धुवा. तरीही त्रास होत असेल तर सरळ पाटपाण्याबरोबर द्यावं.

मात्र हे खत म्हणून गळ्यात मारणाऱ्या प्रशिक्षकापासून सावध राहा. वरच्या सगळ्या मालात मिळून नत्र साधारण पाव किलोच्या आतच भरतं. पिकाला एकरी दहा-वीस किलो किंवा त्याहून जास्त लागतं. जीवामृत मातीतल्या जिवाणूंसाठी आहे. नत्र शेणखत, हिरवळीचं खत, द्विदल आंतरपीक आणि पेंडीतूनच यायला हवं. हे न सांगता रासायनिक खत एकदम बंद करायला लावलं, तर पहिल्याच हंगामात पीक पिवळं पडतं आणि दोष सेंद्रियला लागतो.

गांडूळखताचा तयार बेड, तो १२ फूट लांब, ४ फूट रुंद, २ फूट उंच विणलेल्या प्लास्टिकचा, मांडायला सोपा आणि चूकही लगेच दाखवतो. गांडुळं भिंतीवर चढायला लागली की आत काहीतरी बिघडलंय, बहुधा उष्णता. ताजं शेण टाकल्याने हे होतं. १५-२० दिवस जुनं, थंड झालेलं शेणच भरावं. उंची दोन फूट आहे म्हणून दोन फूट भरायचं नसतं. दीड फुटापुढे मधला थर तापतो आणि हवा जात नाही. ओल मुठीत तपासावी: दाबल्यावर एक-दोन थेंब यावेत, धार नको. व्हर्मीवॉश (बेडमधून निथळणारं पाणी) हवं असेल तर जमिनीला निचऱ्याच्या बाजूने किंचित उतार द्यावा लागतो, आणि तो बेड भरण्याआधी, नंतर नाही. उन्हात शिवण दोन-तीन हंगामांत उसवते, म्हणून वर छप्पर किंवा शेडनेट हवंच. मुंग्या आल्या तर औषध मारू नका, बेडच्या कडेने पाण्याची चारी काढा.