फॉर्च्युनर : पैसे कुठे जातात आणि कुठे जात नाहीत

टोयोटा फॉर्च्युनरविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की ते बहुतेक वेळा गाडीविषयी नसतेच. पांढरा रंग, पुढेमागे माणसे आणि निवडणुकीचा हंगाम एवढ्यावर ते येऊन थांबते. पश्चिम महाराष्ट्रात तर साखर कारखान्याच्या सभेला कोणाच्या बाजूने किती फॉर्च्युनर उभ्या राहिल्या, यावरून वजन जोखणारे लोक आहेत. या रुबाबाखाली प्रत्यक्षात एक साधी, काहीशी जुन्या वळणाची आणि मुख्यतः कामाची गाडी आहे, आणि ती घेऊ पाहणाऱ्याने तिच्याकडे तसेच पाहावे असे माझे मत आहे. माझ्याकडे दुसऱ्या पिढीची 2018 सालची 2.8 लिटर डिझेल ऑटोमॅटिक आहे, सांगलीकडच्या माझ्या मामांकडे पहिल्या पिढीची 3.0 लिटर मॅन्युअल अजून रोजच्या वापरात आहे आणि मेहुण्यांनी अलीकडे बीएस 6, म्हणजे धुराच्या नव्या निकषांत बसणाऱ्या, इंजिनाची घेतली आहे. त्यामुळे तिन्ही टप्प्यांतल्या गाड्या चालवून आणि निगराणी करून पाहता आल्या.

ही गाडी भारतात 2009 साली आली, दुसरी पिढी नोव्हेंबर 2016 मध्ये आली आणि जानेवारी 2021 मध्ये तिला 204 अश्वशक्तीचे इंजिन मिळाले. बांधणी कर्नाटकातील बिडदीच्या कारखान्यात होते. तिचा पाया मात्र हायलक्स या मालवाहू पिकअपचा आहे, आणि पुढचे सगळे गुणदोष येथूनच निघतात. खाली शिडीच्या आकाराची पोलादी चौकट, तिच्यावर रबरी बैठकांवर बोल्टने बसवलेली बॉडी, मागे अखंड ॲक्सल. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलींनी उखडलेल्या रस्त्यावर, जिथे छोट्या गाड्यांचा चालक प्रत्येक खड्ड्याला स्टिअरिंगवरची पकड घट्ट करतो, तिथे ही गाडी बेफिकीर जाते. मामांच्या गाडीने लाख किलोमीटर कधीच ओलांडले, तरी तिचे दरवाजे आजही एका बोटाच्या दाबाने जागेवर बसतात, बिजागऱ्या झुकलेल्या नाहीत, आणि खराब रस्त्यावर डॅशबोर्डमधून कुरकुर ऐकू येत नाही. बांधणी चांगली म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी शोरूममधल्या नव्या गाडीचा दरवाजा आपटून दाखवण्यापेक्षा मामांच्या गाडीचा उघडून दाखवेन.

आता दुसरी बाजू. आत बसल्यावर हाताला लागणारे प्लॅस्टिक या किमतीला शोभणारे नाही, असे बहुतेक परीक्षकांनी लिहिले आहे आणि ते खरे आहे. निम्म्या किमतीच्या टाटा सफारीत मोठे डिजिटल पडदे, उघडणारे छत आणि मऊ अस्तर मिळते. फॉर्च्युनरमधील तिसरी रांग खाली सपाट घडी होत नाही. दोन्ही आसने उचलून बाजूच्या काचांकडे पट्ट्याने टांगावी लागतात, आणि मग सामानाची जागा दोन्हीकडून आक्रसते. मधल्या व मागच्या रांगेत बसणाऱ्याला उसळ्या बसतात, आणि घाटात मागे बसलेल्या मुलांना मळमळले तर नवल नाही. पार्किंगमध्ये स्टिअरिंग जड लागते, कारण आजच्या बहुतेक गाड्यांतल्या विजेवरच्या यंत्रणेऐवजी तिच्यात जुनी हायड्रॉलिक यंत्रणा आहे. शहरात रोज तासन्‌तास गर्दीत काढणाऱ्या माणसाला हे सगळे सोसायचे काही कारण नाही.

मग पैसे जातात कुठे? मोठा वाटा सरकारकडे जातो, हे आधी मान्य करावे. अशा मोठ्या एसयूव्हीवर 28 टक्के जीएसटी आणि 22 टक्के उपकर मिळून 50 टक्के आकारणी होत असे. 22 सप्टेंबर 2025 पासून ती 40 टक्के झाली. त्यावर महाराष्ट्रात 20 लाखांपुढच्या डिझेल गाडीला 15 टक्के रस्ता कर आहे. उरलेला बराच पैसा डोळ्यांना दिसत नाही अशा भागांत, म्हणजे चौकट, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि इंजिन यांत गेला आहे. 2016 साली 26 लाखांच्या आत सुरू होणारी ही गाडी आज जिथे पोहोचली आहे, तेथवर जाण्याइतकी सुधारणा तिच्यात झाली आहे असे मात्र मला वाटत नाही. स्पर्धक उरला नाही, म्हणून किंमत चढली.

स्पर्धक का उरला नाही, याचा विश्वासार्हतेशी थेट संबंध आहे. फोर्ड एंडेव्हर चालवायला फॉर्च्युनरपेक्षा सरस होती. मागचे सस्पेन्शन अधिक सुसंस्कृत, स्टिअरिंग हलके, आवाज कमी. 3.2 लिटरचे पाच सिलिंडरचे तिचे इंजिन ज्यांनी चालवले आहे, त्यांच्या तोंडून अजून कौतुक संपत नाही. परंतु 9 सप्टेंबर 2021 रोजी फोर्डने भारतातील उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. त्याआधी 2017 च्या अखेरीस जनरल मोटर्सने येथील विक्री बंद केली होती आणि शेवरले ट्रेलब्लेझर घेतलेली मंडळी वाऱ्यावर नाही तरी काठावर आली. यंत्र कितीही उत्तम असले, तरी अपघातानंतर एखाद्या हेडलाइटसाठी दोन-दोन महिने थांबावे लागणार असेल, तर त्या गाडीला विश्वासार्ह म्हणता येत नाही. फॉर्च्युनरचे बरेच सुटे भाग हायलक्सशी आणि इनोव्हा क्रिस्टाशी नाते सांगणारे आहेत, आणि इनोव्हा तर तालुक्याच्या गावीही टॅक्सी म्हणून धावते. त्यामुळे या जातीच्या गाडीला हात लावलेला मेकॅनिक कोठेही सापडतो.

इंजिनाबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण ‘टोयोटाचे इंजिन बंदच पडत नाही’ हे वाक्य आपल्याकडे श्रद्धेने उच्चारले जाते. पहिल्या पिढीतील 3.0 लिटर इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. तो दीड लाख किलोमीटरच्या आसपास बदलावाच लागतो. तुटला तर इंजिनाचे मोठे नुकसान होते. त्याच इंजिनात इंजेक्टरखालच्या तांब्याच्या चकत्या गळू लागल्या, तर ज्वलनवायू ऑइलमध्ये शिरून काजळी धरते आणि तळातील ऑइलची जाळी चोंदते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये हायलक्स आणि टोयोटाचीच प्राडो ही एसयूव्ही बाळगणाऱ्यांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. म्हणून जुनी गाडी घेताना बेल्टची पावती आणि इंजेक्टरच्या कामाची नोंद मागावी, आणि विक्रेता ‘टोयोटा आहे, काही लागत नाही’ असे म्हणू लागला तर दुसरी गाडी पाहावी. 2.8 लिटर इंजिनात बेल्टऐवजी साखळी आहे. ती चिंता तेथे नाही.

डिझेलच्या शुद्धतेबाबत मात्र नवे इंजिन जुन्याहून हळवे आहे. इंजेक्टरमध्ये डिझेलचा दाब दोन हजार बारच्या वर जातो, आणि तेथे पाण्याचा थेंबही चालत नाही. पावसाळ्यात गावाकडच्या एका पंपावर मी टाकी भरली आणि थोड्याच अंतरावर डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागला. मेकॅनिकने फिल्टरखालचा निचऱ्याचा स्क्रू सैल करून निघालेला द्रव पाण्याच्या रिकाम्या बाटलीत धरला आणि ती उजेडात उंचावली: वर पिवळसर डिझेल, खाली बोटभर स्वच्छ पाणी, मधली रेघ अगदी आखल्यासारखी. दिवा विझला, गाडीला काही झाले नाही. परंतु तो दिवा दुर्लक्षून पुढे रेटले असते, तर इंजेक्टर आणि पंप यांचे बिल लाखांत गेले असते. गाडीने आपले काम केले. पंपाने केले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी पकडणारा फिल्टर, ज्याला सगळे डीपीएफ म्हणतात, तो बसला. साठलेली काजळी सुमारे 600 अंश सेल्सिअस तापमानाला जाळून टाकणे हे त्याचे काम, आणि ते तापमान गाठायला गाडी काही वेळ सलग चालावी लागते. घर ते शाळा, शाळा ते बाजार अशा तुकड्या-तुकड्यांच्या फेऱ्यांत ते जमत नाही. काजळी साठत जाते, जाळण्यासाठी जादा डिझेल खर्च होते आणि काही इंजिनांत त्यातले थोडे ऑइलमध्ये उतरते. ही अडचण बहुतेक कंपन्यांच्या बीएस 6 डिझेलला आहे. फॉर्च्युनर आणि हायलक्सच्या 2.8 लिटर इंजिनाची ऑस्ट्रेलियातील कहाणी याहून वेगळी व अधिक बोलकी आहे. तेथे 2015 ते 2020 दरम्यान विकलेल्या अडीच लाखांहून अधिक गाड्यांच्या डीपीएफबाबत मालकांनी सामूहिक दावा लावला. ताशी 100 किलोमीटरच्या आसपास सलग चालवल्यावर फिल्टर नीट साफ होत नाही, पांढरा धूर येतो, असा तो दोष होता, आणि 2022 मध्ये तेथील संघीय न्यायालयाने निकाल मालकांच्या बाजूने दिला. भरपाईचा वाद पुढे तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कंपनीने 2020 मध्ये त्यावर उपाय आणला. आपल्याकडची बीएस 6 आवृत्ती त्यानंतरची असल्यामुळे तो दोष जसाच्या तसा इथे चिकटवणे योग्य नाही, परंतु ‘टोयोटा’ हे नाव म्हणजे काही विमा नव्हे, एवढे त्यातून दिसतेच.

जानेवारी 2024 मधील प्रकारही याच पंक्तीतला. टोयोटा इंडस्ट्रीज या इंजिन बनवणाऱ्या संलग्न कंपनीने काही डिझेल इंजिनांच्या अश्वशक्तीची चाचणी देताना विक्रीच्या गाडीतील सॉफ्टवेअरपेक्षा वेगळे सॉफ्टवेअर वापरल्याचे उघड झाले, आणि भारतात फॉर्च्युनर, इनोव्हा क्रिस्टा व हायलक्स यांची रवानगी काही दिवस थांबवण्यात आली. रस्त्यावरील गाड्या वापरणे थांबवण्याची गरज नाही, असे कंपनीने सांगितले, आणि मालकांच्या वापरात त्याने फरक पडला नाही. तरीही प्रामाणिकपणाच्या पुण्याईवर जादा पैसे घेणाऱ्या नावाला ही गोष्ट शोभली नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा थोडक्यात. जाड पत्रा आणि उंच बॉनेट म्हणजे सुरक्षितता, ही समजूत चुकीची आहे. फॉर्च्युनरला 2015 मध्ये गाड्यांची अपघात-चाचणी घेणाऱ्या आसियान एनकॅपचे पाच तारे मिळाले, हे चांगलेच. पण चौकटीशिवाय बांधलेल्या सफारीलाही 2023 मध्ये ग्लोबल एनकॅपने पाच तारे दिले आहेत. सव्वादोन टनांच्या आसपासची उंच गाडी वळणावर जोरात घातली तर ती कोणत्याही कंपनीची असली तरी कलंडू शकते.

देखभालीचा खर्च या वर्गातल्या जर्मन गाड्यांशी ताडून पाहिल्यास सौम्य आहे; दर 10,000 किलोमीटरला सर्व्हिसिंग, आणि मध्ये विशेष काही नाही. 265/60 आर 18 मापाचे टायर मात्र खिशाला चांगली चाट लावतात. जास्तीचे दिवे, सायरन, पडदे बाहेरून बसवणे टाळावे. एका दुकानात कोणीतरी मूळ वायरिंग कापून टेपने गुंडाळलेली मी पाहिली आहे, आणि असल्या जोडकामाचे बिघाड मग गाडीच्या नावावर खपवले जातात.

जुनी फॉर्च्युनर घेणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून तपासावी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या 2015 च्या आदेशानंतर दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंधने आली, आणि तेथील बऱ्याच फॉर्च्युनर स्वस्तात महाराष्ट्रात येऊ लागल्या. किंमत पाहून हुरळून जाण्याआधी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि इथे नव्याने भरावा लागणारा रस्ता कर जमेस धरावा. पुष्कळदा फायदा तेथेच संपतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची गाडी असेल तर ती लिफ्टवर चढवून चौकटीचे जोड, मागच्या ॲक्सलजवळचे कंस आणि ब्रेकच्या नळ्या टॉर्चने पाहाव्यात, कारण खाऱ्या हवेचा गंज वरून पॉलिश केलेल्या रंगात दिसत नाही. ताजा काळा रंग खाली मारलेला आढळला, तर तो कशासाठी मारला हे विचारावे आणि उत्तर पटेपर्यंत बयाणा देऊ नये.